डेबियन : स्वयंसेवकांनी लिहिलेली घटना

लिनक्सचा इतिहास सांगताना बहुतेकजण हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यापाशी, लिनस टोरवाल्ड्स यांच्यापाशी थांबतात. पण टोरवाल्ड्स यांनी लिहिला तो कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा. नुसत्या गाभ्यावर कुणाला पत्र टाइप करता येत नाही की हिशेब मांडता येत नाही. त्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम जुळवावे लागतात, ते एकमेकांशी भांडणार नाहीत हे बघावं लागतं आणि वर्षानुवर्षं त्यांची निगा राखावी लागते. हे काम इतरांनी केलं. त्यातल्या एका गटाने ते मालकाविना, कचेरीविना तीस वर्षांहून अधिक काळ चालवलं आहे. त्या गटाचं नाव डेबियन. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकत्र काम करण्याचे नियम स्वतः लिहिले, त्यांवर मतदान केलं आणि मतदानात हरल्यावरही बहुतेक वेळा ते पाळले. या गटाने बांधलेल्या सॉफ्टवेअरइतकीच ही गोष्टही मला मोलाची वाटते, आणि ती तपशिलाने सांगावीशी वाटते.

तिची मुळं जुन्या एका तंट्यात आहेत. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ साली एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये आकाराला आली. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे युनिक्सचा मूळ कोड विद्यापीठांना अल्प शुल्कात मिळे. विद्यार्थी तो वाचत, त्यातल्या चुका दुरुस्त करत आणि आपल्या सुधारणा इतरांना देत. १९८४ मध्ये कंपनीचं विभाजन झालं, मनाई उठली आणि युनिक्स हा बाजारातला माल झाला. जी पिढी कोड वाचत संगणक शिकली होती, तिच्या हातून तो कोड निसटला.

रिचर्ड स्टॉलमन यांना याची झळ आधीच लागली होती. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत आलेल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकत, आणि त्याचा कोड मिळत नसल्याने साधी सुधारणाही करता येत नव्हती. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला : युनिक्ससारखी, पण कुणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम. पुढच्या काही वर्षांत कंपायलर, एडिटर, शेल अशी एकेक साधनं तयार होत गेली. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. घेतलेला कोड बदलून पुढे द्याल तर तोही याच अटींवर द्या, ही त्याची मुख्य अट. अडलं ते गाभ्यापाशी. ग्नूचा स्वतःचा कर्नल वर्षानुवर्षं रखडला. ऑगस्ट १९९१ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपण एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं कळवलं, १९९२ मध्ये तिला जीपीएल लावला आणि ती पोकळी भरली.

आता सगळे सुटे भाग होते. ते जुळवणार कोण?

पहिल्या जुळणीकारांपैकी एक होती सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टीम, म्हणजे एसएलएस. १९९२ मध्ये ती आली तेव्हा लोकांनी तिचं स्वागत केलं, कारण फ्लॉपींची चळत एकापाठोपाठ एक घातली की घरच्या संगणकावर लिनक्स उभं राहत होतं. पण तिच्यात दोष फार होते आणि कळवूनही ते लवकर दुरुस्त होत नव्हते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा वीस वर्षांचा इयन मर्डॉक हीच जुळणी वापरत होता. तिच्यावरच्या नाराजीतून १९९३ मध्ये दोन उत्तरं निघाली. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी एसएलएसची डागडुजी करत स्लॅकवेअर काढलं. एका माणसाच्या शिस्तीवर चालणारं ते काम आजही टिकून आहे. मर्डॉक यांचं उत्तर वेगळं होतं. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी नव्या जुळणीची घोषणा केली आणि तिला मैत्रीण डेब्रा व स्वतः इयन यांची नावं जोडून डेबियन हे नाव दिलं. नंतर लिहिलेल्या जाहीरनाम्यात त्यांनी युक्तिवाद मांडला तो असा : लिनक्सचा कर्नल आणि ग्नूची साधनं जशी उघड्यावर, अनेकांच्या सहभागाने घडली, तशीच त्यांची जुळणीही घडायला हवी. ती एका माणसाच्या किंवा दुकानाच्या हाती राहिली, की निगा मागे पडते आणि विक्री पुढे जाते.

विचार चांगला होता, पण शंभर माणसांनी मिळून एकच यंत्रणा बांधायची कशी? एकाने केलेला बदल दुसऱ्याचं काम मोडणार, हे उघड होतं. याचं जे उत्तर डेबियनने शोधलं, तो या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. त्यांनी यंत्रणेचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला पॅकेज म्हटलं. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्राम, त्याच्या फायली, आणि सोबत एक ठरावीक टिपण : हा प्रोग्राम चालायला दुसरी कोणती पॅकेजं लागतात, कोणत्या पॅकेजशी त्याचं जमत नाही, आणि सांभाळणारा माणूस कोण. संगणकावर पॅकेज बसवणाऱ्या, काढणाऱ्या आणि हे टिपण वाचणाऱ्या प्रोग्रामचं नाव डीपीकेजी. ब्रिटिश प्रोग्रामर इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये तो नव्याने लिहिला. दोष नोंदवण्याची जाहीर वहीही जॅक्सन यांनीच उभी केली. कोणीही तिच्यात दोष लिहावा, कोणीही वाचावा.

याच्या जोडीला धोरणपुस्तिका तयार झाली. फाइल कुठे ठेवायची, वापरणाऱ्याने स्वतः केलेली मांडणी नव्या आवृत्तीत कशी राखायची, प्रोग्राम काढून टाकल्यावर मागे काय राहू द्यायचं, अशा शेकडो बारीक गोष्टी तिच्यात ठरवलेल्या होत्या. हे वाचताना रुक्ष वाटतं. पण या रुक्ष नियमांमुळेच जर्मनीतला माणूस ऑस्ट्रेलियातल्या माणसाला न विचारता काम करू शकला, आणि दोघांचं काम तिसऱ्याच्या संगणकावर नीट बसलं. सभा न घेता सहकार्य शक्य झालं. यंत्रणेचा आराखडा आणि समाजाचा आराखडा इथे एकच झाला, असं मी म्हणेन. एका माणसाची हुशारी कामाला पुरली असती, तर इतक्या काटेकोर नियमांची गरजच पडली नसती.

नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डेबियनला पाठबळ दिलं. १९९५ च्या अखेरीस एका सीडी-विक्रेत्याने अर्धवट आवृत्तीच १.० म्हणून विकायला काढली. गोंधळ टाळण्यासाठी डेबियनने तो क्रमांक कायमचा सोडून दिला आणि पहिली मोठी आवृत्ती जून १९९६ मध्ये १.१ या क्रमांकाने बाहेर काढली. तिच्यात ४७४ पॅकेजं होती. तोवर मर्डॉक बाजूला झाले होते आणि धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आली होती. पेरेन्स पिक्सारमध्ये काम करत आणि त्या कंपनीचा ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट नुकताच गाजला होता. त्यामुळे आवृत्त्यांना त्यातल्या पात्रांची नावं मिळाली : बझ, रेक्स, बो, हॅम. जिथे रोज नवं काम येऊन पडतं आणि काहीही मोडू शकतं, त्या कायमच्या अस्थिर शाखेला खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचं, सिडचं नाव दिलं गेलं. ते आजही तेच आहे.

पेरेन्स यांच्या काळातली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र १९९७ च्या उन्हाळ्यातली. ईन शूसलर हे डेबियनचे एक विकासक. रेड हॅट या उगवत्या लिनक्स कंपनीच्या लोकांशी बोलताना त्यांच्या मनात आलं, की तुम्ही पुढेही मुक्त सॉफ्टवेअरच द्याल अशी लेखी हमी कंपनीकडून घ्यावी. धंदा करणाऱ्याला अशी हमी देणं अवघड होतं. मग ती डेबियननेच का देऊ नये? महिनाभर मसुद्यावर खल झाला, पेरेन्स यांनी तो सांधला, आणि जुलैमध्ये सामाजिक करार मंजूर झाला. त्यात पाच कलमं आहेत. डेबियन पूर्णपणे मुक्त राहील. आपण केलेलं काम मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत दिलं जाईल. दोष लपवले जाणार नाहीत. वापरणारी माणसं आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचं हित आधी पाहिलं जाईल. आणि मुक्ततेच्या कसोटीत न बसणारे काही प्रोग्राम कुणाला लागतात हे मान्य करून, ते डेबियनच्या बाहेर, वेगळ्या कप्प्यात ठेवले जातील.

कराराला जोडून ही कसोटी काय ते सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं होती. कोड उपलब्ध हवा, बदलायची आणि वाटायची मोकळीक हवी, कोणत्याही व्यक्तीशी, समूहाशी किंवा व्यवसायाशी भेदभाव नको. पुढच्याच वर्षी, नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवल्यावर, ओपन सोर्स हा शब्द रूढ झाला. तेव्हा त्याची अधिकृत व्याख्या म्हणून पेरेन्स यांनी हीच तत्त्वं, डेबियनचा उल्लेख वगळून, पुढे केली. आज मोठमोठ्या कंपन्यांचे वकील ज्या व्याख्येचा आधार घेतात, तिचा मूळ मसुदा काही स्वयंसेवकांनी आपसात ठरवलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९९८ च्या जुलैत आलेल्या २.० आवृत्तीत दीड हजारांवर पॅकेजं होती आणि ती सांभाळणारे चारशेहून अधिक विकासक. एवढ्या जमावाला नुसत्या तोंडी समजुतीवर चालवता येत नव्हतं. पेरेन्स यांच्या आदेशवजा पद्धतीने काहीजण दुखावलेही होते. डिसेंबर १९९८ मध्ये डेबियनने स्वतःची घटना मंजूर केली. मसुद्याचं श्रेय मुख्यतः इयन जॅक्सन यांचं. तिच्यात नेता दरवर्षी निवडला जातो, पण त्याला कुणाला काम सांगण्याचा अधिकार नाही. विकासकांच्या सर्वसाधारण ठरावाने नेत्याचा निर्णयही फिरवता येतो. तांत्रिक वाद मिटेनासा झाला, तर तो तांत्रिक समितीकडे जातो. मत देताना एकच पर्याय निवडायचा नसतो, सगळे पर्याय पसंतीच्या क्रमाने लावायचे असतात. मग प्रत्येक दोन पर्यायांची जोडी लावून जो इतर सर्वांना हरवतो तो विजयी. यातलं एक कलम मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. घटनेमुळे कुणावरही काम करण्याची सक्ती येत नाही. फक्त झालेल्या निर्णयाच्या वाटेत मुद्दाम आडवं यायचं नाही. स्वयंसेवकांच्या संस्था कशाने मोडतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या कलमाची किंमत कळेल.

नागरिकत्वाचा प्रश्नही होता. दूर देशातला अनोळखी माणूस तो म्हणतो तोच आहे, हे कसं ओळखायचं? प्रत्येक विकासकाकडे एक सांकेतिक किल्ली असते. परिषदेत, चहाच्या टपरीवर, कुठेही दोघं प्रत्यक्ष भेटले, की पासपोर्ट वगैरे पाहून एकमेकांच्या किल्लीवर सही करतात. अशा सह्यांचं जाळं पसरत गेलं आणि त्या जाळ्यात बसल्यावरच पॅकेज चढवण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळू लागला.

लोकशाहीचं मोल वेळेत चुकवावं लागतं. वुडी ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची, सार्ज, जून २००५ मध्ये. जवळपास तीन वर्षं! उशिराला कारणं अनेक होती. पॅकेजांची संख्या अफाट वाढली होती. त्यात २००४ च्या वसंतात एक ठराव झाला. वरवर पाहता तो कराराची भाषा सफाईदार करणारा होता, पण त्यामुळे मुक्ततेची कसोटी प्रोग्रामांबरोबर माहितीपुस्तिकांना आणि उपकरणांच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरलाही लागू झाली. आवृत्ती काढण्याची जबाबदारी असलेल्या विकासकाने शब्दशः अर्थ लावला : या करारानुसार सार्ज बाहेर काढताच येत नाही. मग बदल लांबणीवर टाकण्यासाठी दुसरं मतदान घ्यावं लागलं. आपण काय मंजूर करतो आहोत हे पुरतं न वाचता हात वर केल्याचा तो परिणाम होता, आणि याबद्दल डेबियनला दोष द्यायलाच हवा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उबुंटू आलं. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ एकेकाळी स्वतः डेबियनचे विकासक होते. आपली इंटरनेट-सुरक्षा कंपनी विकून ते श्रीमंत झाले आणि २००२ मध्ये अंतराळात जाऊन आले. त्यांनी डेबियनचे काही जाणते विकासक पगारावर घेतले, डेबियनची पॅकेजं पाया म्हणून धरली आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती द्यायचा क्रम सुरू केला. नाव उबुंटूचं झालं आणि पायाभूत काम बरंचसं डेबियनचं राहिलं, याची खंत अनेकांनी बोलून दाखवली. पण करारानुसार यात गैर काहीच नव्हतं. परवाना हेच करायची मुभा देत होता. लाखो नव्या माणसांपर्यंत लिनक्स पोचलं ते या मार्गाने, हेही तितकंच खरं.

दोष न लपवण्याच्या, कराराच्या तिसऱ्या कलमाची कसोटी २००८ मध्ये लागली. दोन वर्षांपूर्वी एका विकासकाने, तपासणीच्या साधनाने दिलेला इशारा दूर करण्यासाठी, ओपनएसएसएल या सुरक्षा-पॅकेजमधल्या दोन ओळी वगळल्या होत्या. त्या ओळींमुळे सांकेतिक किल्ल्यांत यादृच्छिकता येत असे. त्या गेल्या आणि किल्लीच्या प्रत्येक प्रकारात फक्त ३२,७६८ शक्यता उरल्या. साध्या संगणकाला एवढ्या शक्यता तपासायला वेळ लागत नाही. १३ मे २००८ रोजी डेबियनने हे स्वतः जाहीर केलं आणि डेबियन किंवा उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या बदलण्याचं आवाहन केलं. जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. अनेकांचे डोळे असले म्हणजे चूक आपोआप दिसते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. कोड दोन वर्षं सर्वांसमोर उघडा होता आणि कुणी पाहिलं नव्हतं.

सर्वांत कडवट भांडण २०१४ चं. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा आणि बाकीच्या सेवा उठवणारा प्रोग्राम कोणता असावा, एवढाच प्रश्न. सिस्टमडी हा नवा प्रोग्राम वेगवान आणि नेटका आहे, असं एका बाजूचं म्हणणं. तो फार पसरतो, एकच काम नीट करावं ही युनिक्सची शिकवण मोडतो, असं दुसऱ्या बाजूचं. तांत्रिक समितीची मतं चार विरुद्ध चार पडली आणि फेब्रुवारीत अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडला गेला. नोव्हेंबरमध्ये सर्वसाधारण ठरावावर मतदान झालं. विजयी पर्याय होता तो असा, की या विषयावर ठरावाची गरजच नाही. पसंतीक्रमाने मत देण्याच्या पद्धतीत असा पर्यायही जिंकू शकतो. जॅक्सन यांनी तांत्रिक समितीचा राजीनामा दिला. नाराज गटाने कोड उचलून देवुआन नावाची वेगळी शाखा काढली, आणि तीही चालू राहिली. निघून जाण्याचा हक्क मुक्त परवान्यातच असतो. म्हणून इथे बहुमताची सत्ता कधीच पूर्ण होत नाही, आणि मला वाटतं, डेबियन टिकण्याचं एक कारण तेच आहे.

इयन मर्डॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी वारले. ते ४२ वर्षांचे होते. २०१७ ची स्ट्रेच ही आवृत्ती डेबियनने त्यांना अर्पण केली.

त्यांनी सुरू केलेलं काम कुठवर पोचलं? उबुंटू आणि त्याच्यावर बेतलेल्या कितीतरी जुळण्या, शाळकरी मुलांच्या हातात गेलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची यंत्रणा, हे सगळं डेबियनच्या पायावर उभं आहे. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे लॅपटॉप डेबियनवर नेण्याचं ठरलं. भारतात पुण्याचं मुख्यालय असलेल्या सी-डॅकने सरकारी कचेऱ्यांसाठी आणि भारतीय भाषांसाठी बनवलेली बॉस ही यंत्रणा डेबियनचीच वंशज. केरळच्या सरकारी शाळांमधली मुक्त सॉफ्टवेअरची मोहीमही सुरुवातीला डेबियनच्या बळावर चालली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद पहिल्यांदा भारतात, कोचीत भरली. डेबियन संगणकावर बसवताना भाषांच्या यादीत मराठीही दिसते. तिथली वाक्यं कुणी आदेश न देता, कुणी ना कुणी बसून मराठीत आणलेली आहेत.

या समूहाच्या मर्यादाही मांडायला हव्यात. फुरसत, वीज, जोडणी आणि इंग्रजी ज्यांना उपलब्ध होती, तेच सुरुवातीला इथे बोलू शकले. स्त्रियांची संख्या इतकी कमी होती की २००४ मध्ये त्यासाठी डेबियन विमेन हा वेगळा उपक्रम सुरू करावा लागला, आणि आजही ती दरी बुजलेली नाही. निर्णयांची चर्चा इंग्रजीत होते. मतदारयादीत युरोप आणि अमेरिकेचं पारडं जड आहे.

नियम बदलण्याची तयारी मात्र कायम राहिली. नव्या लॅपटॉपांना वायफाय, ध्वनी, चित्रं यांसाठी अमुक्त फर्मवेअर लागू लागलं. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसे, म्हणून नवशिक्याचा संगणक इंटरनेटला जोडलाच जात नसे. जे डोळ्यांनी पाहू शकत नाहीत आणि इन्स्टॉलर ऐकून चालवतात, त्यांची तर ध्वनीच्या फर्मवेअरविना पहिल्याच पायरीवर वाट बंद होई. तत्त्वाला चिकटून राहावं की वापरणाऱ्या माणसाकडे पाहावं? करारात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेले होते. २०२२ च्या शरदात यावर मतदान झालं. पायाभूत दस्तऐवज बदलायला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात, ती मिळाली. सामाजिक कराराच्या पाचव्या कलमात तशी मुभा देणारं वाक्य वाढलं, आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या बुकवर्म या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर असतं. ते नको असेल तर बंद करण्याचा पर्यायही त्यातच दिलेला आहे.